वाचकांचे प्रश्न : दहावीला ९१ टक्के, अकरावीत मात्र घसरण

प्रश्न : मी सिन्नरहून रोज एसटीने नाशिकच्या महाविद्यालयात अकरावी विज्ञानासाठी येते. दहावीला ९१ टक्के मिळाले होते. पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्रात २५ पैकी ९ गुण पडले. रात्री बारापर्यंत वाचूनही काही लक्षात राहत नाही. काय करावे?

उत्तर : दहावीची टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढली जाते आणि विज्ञानात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यामुळे त्या आकड्याशी आजची तुलना करून खचू नका. खरी अडचण वाचण्याच्या पद्धतीत असावी, असे मला वाटते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवले, की शिकलेले पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने विसरले जाते. म्हणूनच परतीच्या एसटीत, जागा मिळो वा न मिळो, वही न उघडता त्या दिवशीचे तास मनात आठवून पाहा, जे आठवले नाही तेवढेच घरी वाचा, आणि तोच भाग तीन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने पुस्तक मिटून लिहून काढा. भौतिकशास्त्रातील सोडवलेली उदाहरणे नुसती वाचल्याने समजल्याचा भास होतो. ती झाकून स्वतः सोडवावी लागतात. प्रयोगवही वेळच्या वेळी पूर्ण करा, कारण बारावीला प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. जागरण मात्र थांबवा. पहाटेची एसटी गाठायची असेल, तर दहाला झोपणेच बरे.