सांगायला झालेला उशीर

प्रश्न : भवानी पेठेतील एका घाऊक व्यापाऱ्यांकडे मी सहा वर्षे हिशेबाचे काम पाहते. तीन महिन्यांपूर्वी जीएसटीचे 3बी विवरणपत्र भरताना एका बिलावरील 40,000 रुपयांचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) माझ्याकडून दोनदा घेतले गेले आणि ते कर भरण्यासाठी वापरलेही गेले. महिन्याभरात चूक लक्षात आली, पण शेठजींना सांगण्याचा धीर झाला नाही. आपण निष्काळजीच आहोत, या विचाराने झोप लागत नाही. पुढच्या विवरणपत्रात गुपचूप दुरुस्ती करावी का? यातून मी काय शिकावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुरुस्ती अवश्य करा, गुपचूप मात्र करू नका. एकदा भरलेले 3बी बदलता येत नाही. जादा घेतलेले क्रेडिट नंतरच्या विवरणपत्रात परत करावे लागते आणि ते वापरले गेले असल्यामुळे वार्षिक 18 टक्के दराने व्याजही द्यावे लागते. तुमच्या रकमेवर हे व्याज महिन्याला सुमारे 600 रुपये, म्हणजे आतापर्यंत 1,800 रुपये होते. त्यांतले पहिले 600 चुकीपोटी आणि उरलेले 1,200 न सांगण्यापोटी आहेत. हा पैसा शेठजींचा असल्याने तो का जातो आहे, हे त्यांना कळलेच पाहिजे. ते रागावतील, रागावू द्यात. व्याज आपल्या पगारातून भरून प्रकरण मिटवण्याचा विचार मनात आला असेल, तर तोही सोडून द्या, कारण त्याने लपवण्यात आणखी एका गोष्टीची भर पडेल.

‘मी निष्काळजी आहे’ हे वाक्य मनाला फार बोचते, पण पुढच्या महिन्यात वेगळे काय करायचे, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी त्या दिवशी काय घडले, ते आठवून लिहा : तेच बिल एकदा मोबाइलवर आणि एकदा कागदावर आले होते का, नोंद करताना बिल क्रमांक पाहिला होता का? दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना 2बी (विक्रेत्यांनी नोंदवलेल्या बिलांवरून तयार होणारे क्रेडिटचे पत्रक) 14 तारखेला मिळते आणि 3बीची मुदत 20 तारखेपर्यंत असते. मधल्या सहा दिवसांत खरेदीच्या नोंदी 2बीशी जुळवल्या होत्या का, की सगळे शेवटच्या संध्याकाळवर गेले?

शेठजींकडे जाताना बिल क्रमांक, रक्कम आणि व्याजाचा हिशेब एका कागदावर लिहून न्या, आणि येत्या 14 तारखेपासून नोंदी कशा जुळवणार आहात, तेही त्याखालीच लिहा.