शेवटी काय निघालं?

मित्रा, वयाने बराच लहान दिसतोस म्हणून सरळ अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांची 1999 ची मारुती 800 कराडला तुझ्याकडे आली, तू चार व्हॉट्सॲप ग्रुपांत आहेस, रील्स बघून बरंच शिकलास. आणि तरी भेटेल तो जुना गाडीवाला "पूर्वी इंटरनेटवर काय चर्चा व्हायच्या, आता सगळं मेलं" असं रडगाणं लावतो. यात खरं किती आणि म्हातारपण किती, हा तुझा प्रश्न.

म्हातारपण आहेच. मी सांगलीचा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मेकॅनिक नव्हे. स्पॅनर हातात घेतला तो पस्तिशीत, तोही चर्चा वाचून वाचून. तेव्हा माझ्या आठवणीत थोडं गूळ-तूप असणारच, ते वजा करून वाच. पण एक गोष्ट खरोखर हरवली आहे आणि ती तुझ्याच गाडीसारख्या एका गाडीवरून सांगतो.

2006 मध्ये मी 1996 ची 800 सेकंडहँड घेतली. कार्बोरेटरवाली, 796 सीसी, तीन सिलिंडर. दोन वर्षं गुणी बाळासारखी वागली आणि मग तिने एक खोड काढली. सांगलीहून पुण्याला निघायचं, इस्लामपूर ओलांडलं की पेठ नाक्याच्या आसपास गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. पंधरा-वीस मिनिटं रस्त्याकडेला उभं राहायचं, मग जणू काही झालंच नाही अशी चालू. गावात फिरवली तर काही नाही. गॅरेजला नेली तर तिथेही काही नाही. मिस्त्रीने आधी ठिणगीची कॉइल बदलली. मग एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप, बदलला. मग कार्बोरेटर खोलून साफ केला. मग फिल्टर, प्लग, वायरी. दर खेपेला "आता बघा" आणि दर खेपेला पेठ नाका. तिथला चहावाला मला ओळखायला लागला होता.

शेवटी वैतागून मी गाडीवाल्यांच्या एका ऑनलाइन कट्ट्यावर सगळं सविस्तर लिहिलं. घरी कॉम्प्युटर होता, पण मराठी टाइप करायची बोंब; रोमन लिपीत मराठी लिहिलं. दोन-तीन जणांनी कॉइलच सांगितली. मग नाशिकच्या एका सदस्याने काहीच सांगितलं नाही, उलट मलाच विचारलं: टाकी फुल्ल असताना लवकर बंद पडते की टाकी रिकामी असताना?

हे मी कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या दोन फेऱ्या त्यासाठी केल्या. फुल्ल टाकीवर इस्लामपूरच्या अलीकडेच बसली. पाव टाकीवर पेठ नाका ओलांडून बरीच पुढे गेली. परत येऊन लिहिलं. त्यांनी विचारलं, थंडीत सकाळी निघालात तरी होतं का? होतं. मग म्हणाले, आता बंद पडली की बॉनेटला हातही लावू नका, मागे जाऊन पेट्रोलचं झाकण उघडा आणि कान द्या.

उघडलं. फस्स!

टाकीत हवा आत यायची जी बारीक नळी असते ती बंद होती. पेट्रोल ओढलं जातं तसतशी टाकीत पोकळी वाढते, आणि एका हद्दीनंतर पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर तयार होते आणि गाडी लवकर बसते. थांबलं की कुठून तरी हवा हळूहळू शिरते आणि पुन्हा चालू. नळीच्या तोंडाशी कुंभारणीने मातीचं घर केलेलं होतं. तीच ती, खिडकीच्या कोपऱ्यात चिखलाचे गोळे चिकटवते ती माशी. सायकलच्या स्पोकने माती उकरली, नळी फुंकून घेतली, खर्च शून्य. त्याआधीच्या कॉइल-पंपाचा हिशेब विचारू नकोस, घरात अजून निघतो.

या सगळ्या प्रकाराला अकरा दिवस लागले. आणि मी शेवटी काय निघालं ते तिथे लिहिलं, फोटोसकट. पुढे पाच-सहा वर्षांनी सोलापूरच्या एका ओम्नीवाल्याने त्याच चर्चेखाली लिहिलं, "तुमचं वाचून माझी सुटली." तो मला ओळखत नव्हता. मी तोवर हे विसरूनही गेलो होतो.

आता गेल्या दिवाळीतला प्रसंग बघ. आमच्याच एका ग्रुपवर एका पोराने विचारलं, गाडी घाटात गरम होते. दहा मिनिटांत चाळीसेक मेसेज. रेडिएटर, वॉटर पंप, गॅस्केट, "विकून टाक", मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. एकानेही विचारलं नाही की बाबा, कुठल्या घाटात, फॅन लागतो का, पाणी कमी होतं का, एसी चालू असतो का. त्या पोराने नंतर काय केलं, गाडीत काय निघालं, कुणालाच माहीत नाही. मी आठवड्याने विचारलं तर म्हणाला, "काका, झालं काम." काय झालं? "मिस्त्रीने केलं काहीतरी." संपलं. उद्या दुसऱ्याची गाडी खंबाटकीत तापली की पुन्हा तेच चाळीस मेसेज, वेगळा केक.

माहिती आज पूर्वीपेक्षा ढीगभर जास्त आहे, ते मी नाकारत नाही. पण उलट प्रश्न विचारणारा आणि शेवटी काय निघालं ते येऊन सांगणारा, हे दोघे गेले.

रील्सचं उदाहरण तुझ्याच गाडीला लागू पडतं म्हणून देतो. गाडी तापते का, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईतो पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून फेकून द्या, असं ठोकून सांगणारे व्हिडिओ तू बघितले असशील. हा सल्ला रील्सच्या आधीपासूनचा आहे, सांगलीतल्या शंभर फुटी रोडवरचे जुने मिस्त्रीही द्यायचे. पण लेखी चर्चेत कुणी असं म्हटलं की त्याच्याखाली दुसरा लिहायचा: थर्मोस्टॅट काढला की इंजिनाला नेमक्या उष्णतेला यायला फार वेळ लागतो, तोवर चोक ओढून जास्त पेट्रोल पाजावं लागतं, ॲव्हरेज जातं, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत झिजते, आणि रेडिएटरमध्ये गाळ असेल तर गाडी तरीही तापते ती तापतेच. सल्ला आणि त्याचं खंडन एकाखाली एक कायमचं राहायचं. रीलखाली असं काही लिहून बघ. "भावा लोकेशन?" आणि आगीच्या चित्रांच्या ढिगात ते कुठे जातं ते मला सांग.

मग या चर्चा गेल्या कशाने? सगळे फेसबुक-व्हॉट्सॲपवर ढकलतात, ते अर्धंच आहे. ऑर्कुटवर आमच्या भागातले गाडीवाले होते, ते 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सगळेच फोनवर गेले. कॉम्प्युटरसमोर बसून तीन परिच्छेद लिहिणारा माणूस फोनवर तीन शब्द लिहितो. मीही. त्यातच 2017 मध्ये परदेशातल्या एका फोटो साठवणाऱ्या सेवेने आपले फोटो दुसऱ्या ठिकाणी दाखवायचे तर वर्षाला 399 डॉलर मागायला सुरुवात केली. जगभरच्या गाडीवाल्यांनी आपले फोटो तिथेच ठेवलेले, कारण फुकट होतं. एका रात्रीत हजारो चर्चांमधली चित्रं गेली. माझ्या मागच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरच्या लेखात बावीस फोटो होते. त्या जागी आता बावीस करडे चौकोन आहेत आणि खाली माझं वाक्य: "फोटोत दाखवल्याप्रमाणे हा स्प्रिंग आधी काढावा."

आणि आम्ही! आमचाही हात होताच. नवा पोरगा आला, साधा प्रश्न विचारला की चार जुने सदस्य तुटून पडायचे. आधी शोधून बघ, शंभरदा चर्चा झाली आहे, शुद्धलेखन सुधार. मी स्वतः मिरजेच्या एका मुलाला असं झापलं होतं, ऑइलच्या ग्रेडवरून. तो परत आला नाही. असे किती गेले असतील. फेसबुकवर त्याला निदान कुणी "भाऊ" म्हणून उत्तर देत होतं, मग तो तिकडे का जाणार नाही? शिवाय फियाटवाले विरुद्ध मारुतीवाले ही भांडणं इतकी चालायची की वाचणाऱ्याला वाटावं यांची भाऊबंदकीची केस कोर्टात आहे.

गाड्याही बदलल्या, हे कुणी फारसं बोलत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत घरच्या घरी करण्यासारखं खूप होतं, म्हणून बोलण्यासारखंही खूप होतं. नव्या गाडीत दिवा लागला की स्कॅनर लावायचा, वॉरंटी असेतो कंपनीच्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. तो मालक कट्ट्यावर येऊन काय लिहिणार? ज्यांना अजून लिहायची गरज आहे ते म्हणजे पोरक्या गाड्यांचे मालक. ओपल 2006 मध्ये भारतातून गेली, शेवरोलेने 2017 अखेर विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या मालकांमध्ये जुनी जिद्द अजून दिसते, कारण एकमेकांशिवाय त्यांना वाली नाही.

व्हॉट्सॲपला सरसकट नावं ठेवणार नाही. गेल्या पावसाळ्यात माझी डिस्ट्रिब्युटरची कॅप तडकली, ग्रुपवर फोटो टाकला, तासाभरात इचलकरंजीहून एकाने "माझ्याकडे पडून आहे" म्हणून कळवलं. रविवारी दंडोबाला जमायचं तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पार्ट शोधायला, रस्त्यात अडकलेल्याला माणूस गाठून द्यायला ते उत्तमच. निदान करायला मात्र नाही, आणि आठवण ठेवायला तर अजिबात नाही.

आठवण काय कामाची, हे 2019 च्या ऑगस्टमध्ये कळलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा 57 च्या वर गेली. गावभागात माझ्या मावसभावाची वॅगन आर सीटपर्यंत पाण्यात. तो दुसऱ्या मजल्यावर, मी विश्रामबागला कोरडा. पाणी उतरायला लागलं तसा सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरला: पाणी ओसरताच गाडी चालू करा, अर्धा तास रेस ठेवा, ओल सुकून जाईल. मला वाचून घाम फुटला. कारण 26 जुलै 2005 ला मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बुडालेल्या गाड्यांचं काय झालं, हे तिथल्या एका सदस्याने दिवसवार लिहून ठेवलं होतं आणि मी ते कधीकाळी वाचलं होतं. शोधलं, चौदा वर्षांनी सापडलं, भावाला फोनवर वाचून दाखवलं.

किल्ली फिरवायचीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढ. गाडी ढकलत किंवा उचलून कोरड्या जागी आण. एअर फिल्टर काढून बघ, ओला असेल तर पाणी आत गेलंय असं समज. डिपस्टिक बघ, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर सगळं काढून टाक. प्लग काढ, आत थोडं ऑइल सोड, इंजिन हाताने फिरव. पाणी दाबलं जात नाही, हे एवढंच यामागचं कारण. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

भावाने प्लग काढून इंजिन फिरवलं तेव्हा दोन भोकांतून पिचकारी उडाली. त्याच गल्लीत समोरच्यांनी मेसेज वाचून सेल्फ मारला होता. एक ठक्क असा आवाज आला म्हणे, तेवढाच. विम्यालाही वेगळं इंजिनाचं संरक्षण घेतलेलं नव्हतं, त्यामुळे तिथेही हात वर. मावसभावाची गाडी तीन वेळा ऑइल बदलून चालू झाली, सीटांचा वास मात्र दोन वर्षं गेला नाही.

तर तुझ्या 800 बद्दल. घाटात मिसिंग करते, म्हणजे इंजिन मध्येच ठोके चुकवतं, एवढंच तू लिहिलंस, त्यावर मी काही सांगणार नाही. आधी एवढं कळव: चढावर लगेच करते की दोन-तीन किलोमीटर गेल्यावर? चोक किंचित ओढला तर सुधारते की बिघडते? टाकी किती भरलेली असते? शेवटचा फ्युएल फिल्टर कधी बदलला? साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी चढवून बघ आणि दोन्ही वेळचं लिही. इथेच लिही, मला वेगळा मेसेज करू नकोस.

व्हील सिलिंडरच्या त्या बावीस फोटोंपैकी चौदा जुन्या हार्ड डिस्कवर सापडले आहेत. रविवारी बसून पुन्हा चढवतो, तुझ्या गाडीला ते ब्रेक लागतातच. कुंभारणीच्या घराचा फोटो मात्र कुठेच मिळाला नाही.