उंदराच्या प्लीहेतल्या काही बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या वंशाच्या पांढऱ्या पेशी) तीन-चार दिवसांत संपतात, काही महिनोन्महिने टिकतात. असं का, आणि हे मोजतात कसं?

पेशीचं आयुष्य तिच्या जातीइतकंच तिच्या मुक्कामावर ठरतं. प्लाझ्मा पेशी, म्हणजे बी-पेशींपासून बनणाऱ्या आणि प्रतिपिंडं सोडणाऱ्या पेशी, बघा. लसीनंतर प्लीहेत तयार होणाऱ्या बहुतेक प्लाझ्मा पेशी काही दिवसांत मरतात. पण ज्या अस्थिमज्जेत जागा पटकावतात त्या उंदरात ९० दिवसांहून जास्त जगल्याचं १९९७ साली दाखवलं गेलं. तिथे आजूबाजूच्या पेशींकडून ‘एप्रिल’ नावाचं प्रथिन मिळतं, त्यामुळे आत एमसीएल-१ हे पेशीला जगवणारं प्रथिन टिकून राहतं आणि आत्मनाश थांबतो. त्याच पेशी मज्जेतून काढून नुसत्या माध्यमात ठेवल्या तर फार तर एक-दोन दिवस काढतात. साध्या, प्रतिजन न भेटलेल्या बी-पेशी ‘बॅफ’ या प्रथिनावर जगतात, टी-पेशी (प्रतिकाराच्या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) आयएल-७ या प्रथिनावर. थायमसमधल्या (छातीतली टी-पेशी घडवणारी ग्रंथी) बहुसंख्य कोवळ्या टी-पेशी मात्र निवडीत नापास होऊन तीन-चार दिवसांतच मरतात.

मोजण्यासाठी बीआरडीयू (ब्रोमोडिऑक्सियुरिडिन) हे रसायन पेशींवरची खूण म्हणून वापरतात. डीएनएची प्रत बनताना ते थायमिडीनच्या जागी शिरतं. पोटात १ मिग्रॅ टोचायचं, मग पिण्याच्या पाण्यात ०.८ मिग्रॅ प्रति मिली. बाटलीला फॉइल गुंडाळायचं, कारण उजेडाने ते बिघडतं. पाणी रोज ताजं. खूण देणं थांबवून ठरावीक दिवसांनी प्लीहा आणि मज्जा काढायची. फ्लो सायटोमेट्रीच्या (लेझरने एकेक पेशी मोजण्याची पद्धत) रंगकामात डीएनेज, म्हणजे डीएनए कापणारं विकर, विसरलात तर बीआरडीयू ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला खूण सापडतच नाही.

गफलत इथे होते: खूण कमी झाली म्हणजे पेशी मेल्या, असं नाही. पेशी विभागली की खूण निम्मी होते, चार-पाच विभाजनांत दिसेनाशीही होऊ शकते. जर्मिनल सेंटरमध्ये (प्लीहेत प्रतिकारावेळी तयार होणारे बी-पेशींचे पुंजके) पेशी झपाट्याने विभागतात आणि झपाट्याने मरतात, त्यामुळे तिथला आकडा एकटा घेऊ नये. पेशी दुसऱ्या अवयवात निघून गेल्या तरी हाच भास होतो. प्लाझ्मा पेशी विभागत नसल्याने त्यांच्या बाबतीत ही पद्धत बरीच स्वच्छ. कित्येक आठवड्यांच्या प्रयोगात बीआरडीयू विषारी ठरतं. तेव्हा खूण म्हणून जड पाणी (ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतं) बरं.

आणि उंदराचे आकडे माणसाला लावू नका. उंदराची साधी टी-पेशी सरासरी काही आठवडे जगते, माणसाची काही वर्षं. शिवाय उंदरात साध्या टी-पेशींचा साठा मुख्यतः थायमस भरत राहतो, प्रौढ माणसात तो बहुतांशी पेशींच्या स्वतःच्या विभाजनावर चालतो.