स्पेनच्या विद्यापीठात वर्षभर एक्स्चेंजला जातोय. पोहोचल्यावर आधी काय करू?

आधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करा. तिला तिथे एम्पाद्रोनामिएंतो म्हणतात. त्यासाठी सहसा भाडेकरार मागतात, म्हणून करार द्यायला टाळाटाळ करणाऱ्या घरमालकाची खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असल्यामुळे देशात शिरल्यापासून एका महिन्यात टीआयई कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करावा लागतो. घोडं अडतं ते अपॉइंटमेंटपाशी! माद्रिद, बार्सिलोनात तारखा भराभर संपतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून संकेतस्थळ बघत राहा. जाताना ईएक्स-१७ हा कार्डाच्या अर्जाचा फॉर्म, ७९०-०१२ या फॉर्मने कार्डाची फी भरल्याची पावती, फोटो आणि पासपोर्ट न्या. फी आधी बँकेत भरलेली हवी. बार्सिलोनात असाल तर विषय निवडताना शिकवण्याची भाषा नक्की तपासा, बरेच वर्ग कातालान या तिथल्या स्थानिक भाषेत चालतात.