सोलापूरच्या उन्हात घोड्यांचा तबेला: आधी जमीन आणि वारा, मग भिंती

मोहोळजवळच्या शेतात दोन घोड्या, त्यातली एक गाभण. त्यांच्यासाठी ३० बाय १५ फुटांचा तबेला बांधायचा, चारही बाजूंनी छतापर्यंत विटांच्या भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि 'यात काही चुकतंय का' हा तुमचा प्रश्न. माप बरोबर आहे. बाकी तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

पहिली फरशी रद्द करा. गोठ्यात ती चालते म्हणून लोक तबेल्यातही घालतात. पण गाय उठताना आधी मागचा भाग उचलते. घोडा आधी पुढचे पाय पसरतो आणि मग मागच्या पायांनी जोर लावून एका झटक्यात उभा राहतो. त्या झटक्याला खाली मुताने ओली झालेली फरशी आणि पायात लोखंडी नाल असेल, तर मागचे पाय फाकलेच म्हणून समजा. गाभण घोडीला तर हा धोका नकोच.

तुमची जमीन काळी असणार. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर थेट कोबा केला तर तो फुटतो. काळी माती काढून टाका, मुरूम भरा, थराथराने पाणी मारून धुमस करा. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर ठेवा, कारण आपल्याकडे जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो आणि शेतातलं पाणी लवकर हटत नाही. उतार पाच-सहा फुटांना इंचभर पुरे; जास्त उतारावर दिवसभर उभं राहिलं की घोड्याच्या पायांवर ताण येतो. वर रबरी मॅट टाकली तर उत्तम, नाहीतर मुरमावरच जाडसर अंथरूण. मुताच्या जागी खड्डा पडतोच, तेवढा मुरूम दरवर्षी बदलायचा.

आता भिंती. साडेचार-पाच फुटांपर्यंत भक्कम वीट आणि गुळगुळीत प्लास्टर, कारण लाथ तिथवरच पोचते. त्याच्या वर उघडं ठेवा किंवा उभे पाइप लावा, पण दोन पाइपांमधली फट तीन इंचांपेक्षा कमी हवी, खूर आत जाता कामा नये. दोन्ही घोड्यांच्या मधल्या भिंतीलाही हाच नियम. त्यांना एकमेकी दिसल्या की त्या शांत राहतात. एकीला १२ बाय १२ चं ठाण पुरतं, गाभणीला १२ बाय १६ द्या. आपल्याकडे अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून, बांधायची पद्धत आहे, पण विणाऱ्या घोडीला मोकळंच ठेवा. मोठी जागा त्यासाठीच. दार चार फूट रुंद, आठ फूट उंच, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. कडी-कोयंडा बाहेर आलेला नको, जाता-येता नेमका कमरेच्या हाडाला लागतो.

भिंती वरपर्यंत बंद नकोत यावर एवढा भर का देतोय? एकदा सकाळी कोणत्याही बंद तबेल्यात जा आणि उकिडवं बसून अंथरुणाजवळ नाक न्या. डोळे चुरचुरतात तो अमोनिया. तुम्ही उभे राहिलात की तो जाणवत नाही, पण घोडी खाली तोंड घालून खाते आणि शिंगरू तर तिथेच झोपतं. खोकला तिथूनच सुरू होतो.

छताबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर गेला की नुसता पत्रा वरून भट्टीसारखा तापतो. वळचणीला निदान १२ फूट उंची ठेवा, आढ्याला गरम हवा जायला फट आणि तिच्यावर टोपी. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. वळचण तीन-चार फूट पुढे काढा. इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारनंतरचं ऊन मुख्यतः आखूड भिंतीवर पडतं. त्या बाजूला कडुनिंब लावा. कण्हेर मात्र कुंपणालाही नको. फुलं छान दिसतात म्हणून फार्महाउसवर सर्रास लावतात, पण मूठभर पाला घोडा मारायला पुरतो, वाळलेलाही.

छतावर उसाचं पाचट टाकायचा सल्ला कोणी देईल. गार राहतं हे खरं, पण आगीला आमंत्रण. कडब्याची गंजीही याच कारणासाठी तबेल्यापासून शंभरेक फूट लांब हवी. वायर पाइपातून, बटणं घोड्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा जागी, बल्बला जाळी.

चंदीची, म्हणजे घोड्यांच्या दाण्याची, खोली वेगळी आणि तिला पक्की कडी. रात्री सुटलेली घोडी धान्याच्या पोत्याशी पोचली तर पोटशूळ तरी होतो नाहीतर खुरांना आतून सूज येऊन ती लंगडी तरी होते. शेतावर म्हशी असतील तर त्यांचं पशुखाद्य या खोलीत आणूच नका. त्यात काही वेळा मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. म्हशीला ते चालतं, घोड्याला थोडंसंही जीवघेणं ठरतं. कामाला माणूस ठेवणार असाल तर त्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

पाण्याला एका घोडीमागे दिवसाला २५ ते ४० लिटर धरा, कडक उन्हात आणखी. बोअर मे महिन्यात आटतो की नाही ते तुम्हालाच माहीत, त्याप्रमाणे टाकी घ्या आणि ती सावलीत बसवा. लिदीचा खड्डा लांब, आणि वारा तबेल्यावरून जिकडे जातो त्या बाजूला, म्हणजे वास आणि माश्या तबेल्याकडे येणार नाहीत. माश्या कमी झाल्या की घोड्या पाय आपटायच्या थांबतात, आणि सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) पसरवणाऱ्या चावऱ्या माश्यांना तबेल्याजवळ शेणा-चिखलाचा थारा मिळत नाही.

जागेचा हाताने काढलेला नकाशा टाका, त्यावर पश्चिम आणि बोअर कुठे ते दाखवा. दारं कोणत्या बाजूला घ्यायची ते मग सांगतो.