शंका-समाधान : सिस्टिम फाइल बिघडली म्हणून लगेच फॉरमॅट नको

प्रश्न : घरचा डेस्कटॉप विंडोज १० वर चालतो. अपडेट सुरू असतानाच वीज गेली आणि तेव्हापासून स्टार्ट मेन्यू कधी उघडतो, कधी उघडत नाही. सेटिंग्ज तर क्षणभर दिसून बंद होते. दुकानदार म्हणतात, सिस्टिम फाइली उडाल्या आहेत, फॉरमॅट मारावा लागेल. संगणकात नातवंडांचे फोटो आणि माझी जुनी टिपणे आहेत. दुसरा काही उपाय आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : उपाय आहेत, आणि फॉरमॅट हा त्यांतला अगदी शेवटचा आहे. मात्र दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी फोटो आणि टिपणे बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत आणि त्यांतल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. संगणक अजून सुरू होतो आहे तोवर हे काम सोपे आहे.

वीज जाते तेव्हा नेमके काय बिघडते, हे आधी पाहू. विंडोज फाइलीत जे लिहिते ते सगळे लगोलग डिस्कवर उतरतेच असे नाही. बराचसा मजकूर थोडा वेळ मेमरीत थांबलेला असतो. डिस्कवरची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था फाइलीचे नाव, तिची जागा आणि आकार यांतल्या बदलांची नोंद ठेवते, त्यामुळे वीज परत आल्यावर तेवढा हिशेब तिला जुळवता येतो. फाइलीच्या आतल्या मजकुराची अशी नोंद मात्र ती ठेवत नाही. म्हणून कित्येकदा फाइल आपल्या जागी, बरोबर नावाने आणि बरोबर आकाराने दिसते, पण आत अर्धाच मजकूर असतो किंवा नुसती शून्ये असतात. चेकडिस्क चालवूनही ‘दोष नाही’ असे उत्तर येते ते याचमुळे, कारण तिचे मुख्य काम या नोंदी तपासण्याचे आहे, फाइलीतला मजकूर बरोबर आहे की नाही हे पाहण्याचे नव्हे.

मजकूर तपासण्याचे काम सिस्टिम फाइल चेकर म्हणजे एसएफसी करते. प्रत्येक संरक्षित फाइलीचा मजकूर मूळ नोंदीशी ताडून पाहायचा आणि जुळला नाही तर चांगली प्रत आणून त्या जागी बसवायची, अशी तिची रीत आहे. ही चांगली प्रत आपल्याच संगणकात, विंडोज फोल्डरमधल्या विनएसएक्सएस नावाच्या साठ्यात असते. अपडेटच्या मध्येच वीज गेली असेल तर हा साठासुद्धा खराब झालेला असू शकतो, आणि मग एसएफसी चांगली प्रत आणणार कुठून? म्हणून आधी डीआयएसएम या साधनाने साठा दुरुस्त करावा आणि त्यानंतरच एसएफसी चालवावी. पुष्कळ जण थेट एसएफसी चालवतात, ‘काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ असा संदेश वाचून हताश होतात आणि संगणक दुकानात नेतात; क्रम सांभाळला असता तर यांतले कितीतरी संगणक घरच्या घरी दुरुस्त झाले असते.

आपला स्टार्ट मेन्यू भरवशाचा नसल्यामुळे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. फाइल मेन्यूत ‘रन न्यू टास्क’ निवडावे, सीएमडी असे लिहावे, खाली प्रशासकाच्या अधिकारांविषयी जी चौकट असते तिच्यात टिचकी मारून खूण करावी आणि ओके म्हणावे. जी काळी खिडकी उघडेल तीत पुढील कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करावी. प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक जागा सोडावी, नंतर सोडू नये :

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

लागणाऱ्या फाइली विंडोज अपडेटकडून येत असल्याने इंटरनेट चालू असणे आवश्यक आहे. टक्केवारीचा आकडा मध्येच बराच वेळ एका जागी थांबतो. जुन्या हार्ड डिस्कवर तर काम अडकले आहे असेच वाटते, पण खिडकी बंद करू नये. इन्व्हर्टर असेल तर संगणक त्यावर जोडून मगच सुरुवात करावी. हे काम यशस्वी झाले की त्याच खिडकीत दुसरी कमांड द्यावी :

एसएफसी /स्कॅननाऊ

शेवटी येणारा संदेश नीट वाचावा. खराब फाइली सापडल्या आणि दुरुस्त झाल्या, असे आले तर संगणक रीस्टार्ट करावा आणि खात्रीसाठी हीच कमांड पुन्हा एकदा चालवावी. काही फाइली दुरुस्त झाल्या नाहीत, असे आले तर त्या कोणत्या, हे विंडोज फोल्डरमधील लॉग्ज आणि त्यातल्या सीबीएस या फोल्डरात असलेल्या सीबीएस नावाच्या फाइलीत एसआर अशी खूण असलेल्या ओळींत सापडते. तपासणीच करता आली नाही, असे आले तर संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गरजेपुरत्या भागांनिशी, सुरू करून प्रयत्न करावा.

डीआयएसएमने ०एक्स८००एफ०८१एफ हा दोषक्रमांक दाखवला, तर त्याचा अर्थ दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइली त्याला मिळाल्या नाहीत असा होतो. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोज १० ची आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याचे सगळे साहित्य असलेली एकच मोठी फाइल) उतरवून घ्यावी, ती डबल क्लिकने उघडावी आणि तिच्यातला सेटअप चालू विंडोजमधूनच सुरू करावा. आपल्या फाइली आणि अ‍ॅप्स ठेवण्याचा पर्याय तिथे येतो. तो निवडला की फोटो, टिपणे आणि बसवलेली सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतात व विंडोजच्या फाइली तेवढ्या नव्याने बसतात. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करून सेटअप चालवला तर हा पर्याय मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. दुकानदारांना आपण आग्रहाने हेच करायला सांगावे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, दुरुस्ती झाल्यावर हा संगणक विंडोज ११ साठी पात्र आहे का, हेही तपासून घ्यावे.

प्रश्न : एक सॉफ्टवेअर उघडताना ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही’ असा संदेश येतो. एसएफसी चालवली, तिला काहीच दोष सापडला नाही. ही एकच फाइल फुकट देणारी बरीच संकेतस्थळे दिसतात. तिथून घेऊन सिस्टिम३२ मध्ये टाकली तर चालेल का?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कृपया तसे करू नये. ही फाइल मुळात विंडोजची नाहीच, म्हणून एसएफसी तिच्याबद्दल काही बोलत नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरला जो सामायिक संच लागतो, त्याचा ती भाग आहे. तो संच बसवलेला नाही किंवा अर्धवट निघून गेला आहे, एवढाच त्या संदेशाचा अर्थ. अधिकृत संकेतस्थळावर ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ या नावाने तो विनामूल्य मिळतो. २०१५ ते २०२२ या आवृत्त्यांसाठी एकच संच आहे. तो एक्स८६ आणि एक्स६४ अशा दोन्ही प्रकारांत उतरवून दोन्ही बसवावेत, कारण ६४ बिटच्या विंडोजवरही ३२ बिटची सॉफ्टवेअर असतात आणि त्यांना आपला वेगळा संच लागतो.

सुटी फाइल घेण्यातला पहिला धोका उघड आहे : ती कोणी तयार केली, तिच्यात काय मिसळले, हे आपल्याला कळत नाही, आणि आपण ती थेट सिस्टिमच्या फोल्डरात नेऊन ठेवतो. दुसरा धोका सहसा कोणी सांगत नाही. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्ये असतात. नावांवरून नेमके उलटे वाटते. त्यामुळे चुकीच्या जागी चुकीची प्रत पडते, आधीचा संदेश जातो आणि त्याऐवजी ०एक्ससी०००००७बी हा दोष येऊन बसतो, ज्याचे मूळ शोधणे पहिल्यापेक्षा अवघड असते. आपण अशी एखादी फाइल आधीच टाकली असेल तर ती काढावी आणि मग संच बसवावा. अँटिव्हायरसने मूळ फाइल क्वारंटाइनमध्ये ठेवली आहे का, हेही एकदा पाहावे.

प्रश्न : लॅपटॉप निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. विंडोज उघडतच नाही, तर या कमांड द्यायच्या कुठे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू होऊ शकले नाही, की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जावे. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर आधी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून पाहावे, आणि रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजची आधी जतन केलेली स्थिती, असेल तर ‘सिस्टिम रिस्टोअर’. तेवढ्याने भागले नाही तर तिथलाच कमांड प्रॉम्प्ट उघडावा.

इथे एक गोष्ट हमखास चकवते. या दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणजे आपली नेहमीची सी ड्राइव्ह डी म्हणून दिसू शकते. म्हणून ‘डीआयआर सी:’, ‘डीआयआर डी:’ अशा कमांड देऊन विंडोज आणि यूजर्स ही फोल्डरे कुठे दिसतात ते आधी पाहावे. ती डी वर दिसली तर कमांड अशी होईल :

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीआयआर=डी:\ /ऑफविनडीआयआर=डी:\विंडोज

नव्या लॅपटॉपांवर डिस्क बहुधा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ती बहुतेकदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात प्रवेश करून ती पाहता येते. की हाती नसताना डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी त्यातले काही वाचता येत नाही, म्हणून संगणक धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून ठेवावी.

प्रश्न : दोन्ही कमांडनी दुरुस्ती होते, पण काही दिवसांनी फाइली पुन्हा खराब झालेल्या सापडतात. असे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : मग दोष फाइलींचा नाही, यंत्राचा आहे. डिस्कचे आरोग्य दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे विनामूल्य साधन चालवावे. त्यात पिवळी किंवा लाल सूचना आली तर आणखी दुरुस्त्या करत बसू नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरची प्रत्येक लांबलचक तपासणी तिच्यावरचा ताण वाढवते. आधी माहिती काढून घ्यावी आणि डिस्क बदलावी. डिस्क ठणठणीत निघाली तर संशय मेमरीवर घ्यावा. एमडीएसचेड ही कमांड दिली की रीस्टार्टनंतर मेमरीची तपासणी होते. दोष आढळला आणि मेमरीच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून तपासणी पुन्हा करावी, म्हणजे सदोष पट्टी कोणती ते कळेल. ती बदलल्यावर मात्र वरच्या क्रमाने दोन्ही कमांड पुन्हा चालवाव्यात, कारण आधी खराब झालेल्या फाइली नवी पट्टी आपोआप सुधारत नाही.