पहिल्या स्प्रिंटचा अंदाज बांधताना

स्प्रिंट म्हणजे टीमने ठरवलेलं काम संपवायचा काही आठवड्यांचा टप्पा, आणि त्यातल्या प्रत्येक कामाचा आकार सांगणारा आकडा म्हणजे पॉइंट. पॉइंट म्हणजे तास नव्हेत, हे आधी पक्कं करा. साताऱ्याहून कासपेक्षा महाबळेश्वर साधारण दुप्पट लांब, हे घड्याळ न बघता सांगता येतं ना? कामंही तशीच एकमेकांशी ताडायची: १, २, ३, ५, ८. ८ हून मोठं काम छोट्या कामांत फोडा.

प्रत्येकाने आपल्या आकड्याचा पत्ता निवडायचा. पत्ते सगळ्यांनी एकदम उघडा, नाहीतर सगळे सीनियरच्याच आकड्यामागे जातात. ‘लॉगिनला ओटीपी’ला कुणी २ म्हणतो, कुणी ८. सरासरी काढू नका, दोघांना बोलतं करा. २ वाल्याला फक्त स्क्रीन दिसतेय; ८ वाल्याला उशिरा येणारा मेसेज, चुकलेले प्रयत्न, पुन्हा पाठवणं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- टेस्टिंग, रिव्ह्यू धरतच नाहीत.
- अर्धवट कामाचे पॉइंट मोजतात.
- गणपतीच्या सुट्ट्या विसरतात!

वेग, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पुरे होणारे पॉइंट, ३ स्प्रिंटनंतर बघा. बर्नडाउन (उरलेल्या कामाचा आलेख) वगैरे सध्या राहू द्या.